बिनमातीची रास्ना

शालिकराम माती चाखत असे. परगावचा माणूस हे पाहून दचकायचा, पण कवठखेडात कुणाला त्याचं नवल नव्हतं. आकोटाच्या उत्तरेला तीन कोसांवर, जिथून सातपुडा निळा न दिसता हिरवा दिसू लागतो, तिथे हे गाव. तिथल्या काळ्याभोर जमिनीत शालिकरामाचं वावर होतं आणि वावराइतकाच त्याला आपल्या जिभेचा अभिमान होता. चिमूटभर माती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, टाळूला घासून थुंकायची आणि निकाल द्यायचा, "हे नाल्याकाठचं हाय. यात पऱ्हाटी नोका लावू, तूर टाका." दर्यापुराकडची माणसंसुद्धा पंच्याच्या टोकाला माती बांधून त्याच्याकडे यायची.

एकदा शेजारच्या रामरावानं गंमत म्हणून आपल्याच गोठ्यातली माती पुडीत बांधून आणली आणि सांगितलं, "मूर्तिजापुराकडचं वावर इकत घेऊन राह्यलो, पाह्य बरं कसं हाय थे." शालिकरामानं चाखली, थुंकली, पुन्हा थोडी चाखली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "रामराव, वावराचं मंग पाहू. तुह्या कारवडीचं पोट बिघडलं हाय, तिले पयले ताक पाज." रामराव घरी जाऊन पाहतो तर खरंच कारवड ढाळ लागून पडलेली. त्या दिवसापासून त्या जिभेची कुणी थट्टा केली नाही.

माणूस चालायचा तोही खाली बघत. लग्नात त्यानं दुर्गाबाईचे पाय तेवढे पाहिले होते, तोंड तिसऱ्या वर्षी पाहिलं, असं गावात म्हणत. दुर्गाबाई हे ऐकून हसायची आणि म्हणायची, "अजून तरी कुठी धड पाह्यलं हाय!"

मग कापसाचं वेड आलं. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात दोन भावांची लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, आणि साहेबाच्या गिरण्या वऱ्हाडाकडे तोंड करून उभ्या राहिल्या, एवढंच कवठखेडाला कळलं होतं. ते भाऊ कोण, भांडण वाटणीचं की धुऱ्याचं, हे कुणी विचारलं नाही. अकोल्याला कापसाची बंडी नेली की परत येताना बंडीत काय घालून आणावं हाच प्रश्न पडू लागला. रामरावानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या केल्या, गोठ्यात बिलोरी आरसा टांगला, आणि स्वतः हिना अत्तराचा फाया कानात घालून वखर हाकू लागला. आरशात स्वतःला पाहून त्याचा डावा बैल रोज सकाळी शिंगं रोखायचा. शेवटी एका पोळ्याला त्यानं आरसा फोडला.

शालिकरामानं चांदी केली नाही, आरसा आणला नाही. त्यानं कापूसच लावला. जिथे जिथे माती होती तिथे लावला. आधी गुरांचं रान मोडलं, मग खळं नांगरलं, मग घराकडे येणारी पायवाट. दुर्गाबाईचा वांग्या-मिरच्यांचा वाफा गेला. तुळशीच्या भोवती पऱ्हाटीच्या चार ओळी उभ्या राहिल्या, आणि दुर्गाबाईला दिवा लावायला जाताना लुगडं सावरून बोंडांतून वाट काढावी लागू लागली.

"अजी, चुलीजवळ हातभर जागा हाय," ती एकदा म्हणाली. "तठीबी टाका दोन दाने."

शालिकरामानं चुलीकडे पाहिलं, आणि तो खरंच विचार करतोय हे बघून तिनं कपाळावर हात मारला.

वावराच्या बांधावरची, धुऱ्यावरची झाडंही त्यानं काढली. बोर, बाभूळ, दोन कडुनिंब. सावलीत पऱ्हाटी उंच होते पण बोंड धरत नाही, हे त्याचं म्हणणं खरं होतं. राहिला फक्त विहिरीवरचा जुना आंबा. त्याची सावली पऱ्हाटीच्या आठ ओळींवर पडायची. आंबा दोन सालांपासून मोहरलाही नव्हता, म्हणजे त्याला राखावं असं काही कारण नव्हतं. पण दुर्गाबाई दुपारची भाकर त्याच्याखाली खायची, तिथेच कापूस वेचणाऱ्या बाया पाठ टेकायच्या, आणि गेल्या वर्षापासून तिचे गुडघे धरले होते म्हणून चार पावलांवर बसायला तेवढीच एक जागा उरली होती. तिनं रोज काहीतरी निमित्त काढून ते झाड दोन वर्षं टिकवलं.

गुडघ्यांसाठी शालिकराम आकोटाच्या चिंतामण वैद्यांकडे गेला. चिंतामण वैद्य विद्वान माणूस. औषध देताना ते इतकं सांगायचे की रोग्याला घरी जाईपर्यंत अर्धं बरं वाटायचं.

"रास्नेची मुळी हवी," वैद्य म्हणाले. "वाताला रास्नेसारखं औषध नाही. माझ्याकडे आहे ती वाळलेली, अमरावतीच्या जडीबुटीवाल्या पसाऱ्याकडची. ओली मिळाली तर फारच उत्तम. मी तर म्हणतो, शालिकराम, तुम्ही डोंगरातून एक रोपच आणून दारात लावा. तुमच्यासारख्या माणसाच्या जमिनीत काय लागणार नाही?"

"त्याची चिंता नोका करू, महाराज," शालिकराम म्हणाला. "माह्या वावरात काठी खोवली तं तिलेबी पालवी फुटते."

वैद्यांनी रास्ना आयुष्यात फक्त वाळलेली, कुटलेली आणि काढ्यात उकळलेली पाहिली होती. ती उभी कशी दिसते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं शालिकरामाला सुचलं नाही.

आकोटच्या बाजारात डोंगरातून येणाऱ्या कोरकू बाया मोहफुलं, चारोळी आणि मध घेऊन बसत. त्यांत रूपी नावाची एक होती. उंच, सडसडीत, भाव एकदा सांगितला की आभाळाकडे बघत बसणारी. वैद्यांकडची वाळलेली मुळी हुंगून तिनं रास्ना ओळखली. एक लुगडं आणि पायलीभर मीठ या बोलीवर ती शालिकरामाला रानात न्यायला तयार झाली. चैत्र लागला होता.

नरनाळ्याचा किल्ला डाव्या हाताला ठेवून दोघं वर चढले. सागाची पानं गळून पायांखाली पापडासारखी मोडत होती. उन्हानं सगळं रान तापलेलं, पण नाल्याकाठी आलं की आंबे, जांभळं आणि मोह दाटीनं उभे होते आणि दगडांवर ओल होती. शालिकराम आपल्या सवयीनं खाली बघत चालला. मधूनच वाकून चिमूट उचलायचा, चाखायचा, तोंड वाकडं करायचा.

"काय माती हाय ही! मुरूम हाय नुसता. यात रास्ना कशी जगून राह्यली?"

रूपी पुढे चालत राहिली.

नाल्याच्या वळणावर त्याला वास आला. मोगऱ्याचा नव्हे, केवड्याचा नव्हे. गुळाच्या काकवीत कुणी चंदन उगाळावं तसा गोड, जडसर. तो थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, एक दगड उलटून पाहिला, मग गुडघ्यांवर बसून पाचोळा बाजूला करू लागला. रूपी टोपली उतरवून दगडावर बसली. तो दमेपर्यंत तिनं त्याला शोधू दिलं, मग बोट वर केलं.

"पाटील, वर पाह्य. वर."

मोहाच्या खोडावर, दोन पुरुष उंचीवर, जाड जाड पन्हळीसारखी पानं दोन बाजूंना पसरून एक रोप बसलं होतं. बसलंच होतं म्हणायचं, कारण ते कशातून उगवलं नव्हतं. पांढुरक्या, करंगळीएवढ्या जाड मुळ्या खोडाला मिठी मारून होत्या, आणि चार-सहा मुळ्या तर नुसत्या हवेत लोंबत होत्या. मधून निघालेल्या दांड्यावर सात-आठ फुलं होती. पिवळसर तपकिरी रंग, त्यावर लुगड्याच्या चौकड्यांसारखी बारीक जाळी आणि मध्यभागी एक जांभळा-निळा ओठ. ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि वास तिथूनच खाली उतरत होता.

"माती कुठी हाय त्याची?" शालिकरामानं विचारलं.

"नाई."

"नाई म्हंजे? ढोलीत असन."

"ढोली नाई."

शालिकराम झाडावर चढला. चाळिशी उलटलेला, मान्यवर, धोतराचा काचा मारून मोहावर चढला आणि त्यानं रोपाखाली बोटं घालून सगळीकडे चाचपलं. साल होती, सालीवर थोडं शेवाळ होतं, एक मुंगळा होता, तो चावला. माती नव्हती. शेवटी न राहवून त्यानं हवेत लोंबणारी एक मुळी तोंडात धरली आणि चाखली. खाली रूपी हसता हसता दगडावरून घसरली.

मुळीला मातीची चव नव्हती. पाण्याची होती, सालीची होती, थोडी कडसर होती. आयुष्यात पहिल्यांदा शालिकरामाच्या जिभेला निकाल देता आला नाही. तो खाली उतरला तो फार गंभीर होऊन.

"बिच्चारं," तो म्हणाला. "अनाथ हाय. कोनं माती दाखोलीच नाई त्याले. मी दाखोतो."

आणि त्यानं ते रोप सालीसकट अलगद काढून, ओल्या पंच्यात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखं घरी आणलं.

पहिलं रोप त्यानं वावरातल्या सगळ्यात चांगल्या जागी लावलं. हातभर खड्डा, तळाला जुनं शेणखत, वर राख, त्यावर सरकीची ढेप कुस्करून. चिंतामण वैद्यांनी पुष्य नक्षत्राचा मुहूर्त काढून दिला. मुळ्या एकही बाहेर दिसणार नाही अशा बेतानं माती दाबली, घागरभर पाणी ओतलं, आणि तो हात झटकत उभा राहिला. "आता पाह्य म्हना काय तरारते थे."

आठ दिवसांत पानं पिवळी पडली. पंधराव्या दिवशी रोप हातात घेतलं तर बुडाकडून खिचडीसारखं झालं होतं.

"पानी कमी पडलं," शालिकराम म्हणाला.

दुसरं रोप रूपीकडून आषाढात आणवलं. या खेपेला तिनं दोन लुगडी मागितली. ते त्यानं घराशेजारी, डोळ्यांपुढे, खताच्या खड्ड्याला लागून लावलं. रामराव रोज सकाळी येऊन कुंपणावर कोपरं टेकायचा.

"का बे शालिक, झोपलं की मेलं?"

"मूळ धरून राह्यलं थे."

"मले तं दात धरून राह्यल्यासारखं वाटते."

ते पाच दिवसांत गेलं. शालिकरामानं त्या जागेची माती तीनदा चाखली. उत्तम होती. त्याला जेवण गोड लागेना. एवढी माती, पंजोबापासून राखलेली, ज्वारी हिच्यात पुरुषभर होते, आणि हे टीचभर झाड तिच्यावर थुंकतं! हा त्याला आपल्या घराण्याचा अपमान वाटला. एखादा सोयरा आपल्या पंगतीतून पान ढकलून उठून जावा तसा.

तिसरं रोप कार्तिकात आलं. रूपीनं तीन लुगडी आणि गुळाची ढेप सांगितली आणि आभाळाकडे बघत बसली. शालिकरामानं दिली. पण त्याच दिवशी कापसाच्या बंड्या अकोल्याला निघायच्या होत्या, म्हणून रोप ओसरीवर सुपात ठेवून त्यानं दुर्गाबाईला बजावलं, "हात नोको लावू. मी आलो की तलावातला गाळ आनून त्यात लावतो."

आठ दिवसांनी तो परतला तर सूप रिकामं.

"बकरीनं खाल्लं," दुर्गाबाई भाकर थापता थापता म्हणाली.

"पूरं?"

"बुडासकट."

शालिकराम ओसरीवर बसला. वाईट वाटलं, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं. निदान हे आपल्या मातीनं मारलेलं नव्हतं. तो उठून बकरीजवळ गेला आणि तिच्याकडे जरा आदरानं बघून आला. गुडघ्यांसाठी वाळलेली मुळीच आणायची असं ठरलं आणि रास्नेचा विषय त्या घरात संपला.

पुढचा चैत्र आला. कापूस विकून झाला होता, भाव आणखी चढला होता. शालिकरामानं जाहीर केलं की वैशाखात विहिरीवरचा आंबा तोडायचा. दुर्गाबाईजवळची सगळी निमित्तं संपली होती. तिनं एवढंच विचारलं, "आठ दिवस थांबता का?" त्यानं विचारलं, "आठ दिवसांनं काय होईन?" ती म्हणाली, "आठ दिवस होतीन."

त्यातल्या दुसऱ्या दिवशी शालिकरामाला वास आला.

तो विहिरीवर हातपाय धुवत होता. गोड, जडसर वास. आधी त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग तो घरात गेला आणि दुर्गाबाईजवळ उभा राहून नाकानं श्वास ओढू लागला.

"काय होऊन राह्यलं तुमाले?"

"तू अत्तर घेतलं?"

"मी? मी शेनाचे हात धुवाले मोकळी नाई आन् अत्तर घेऊ!"

त्यानं तिची पेटी उघडून हुंगली. त्यात लुगड्यांना कसर लागू नये म्हणून घातलेला कडुनिंबाचा पाला होता, त्यानं त्याला शिंका आल्या. मग तो रामरावाकडे गेला आणि त्याचा कान धरून हुंगला. रामराव चिडला. "हिना हाय माहा! अकोल्याचा! तुह्या विहिरीवर कायले शिंपडू मी?"

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर वास आणखी वाढला. दुर्गाबाईला विचारलं तर ती म्हणे मला काहीच येत नाही, आणि पदर तोंडाला लावून आत जाई. तिसऱ्या दिवशी शालिकरामानं विहिरीभोवती एकेक पाऊल हुंगत फेरी मारली. आंब्याच्या बुंध्याजवळ आला की वास सगळ्यात जास्त. तो वाकला, जमिनीला नाक लावलं, आणि एकदम ताठ बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारपर्यंत त्यानं सगळ्या गावाला बोलावणं धाडलं होतं. चिंतामण वैद्य पंचक्रोशीत कुणाला तरी पाहायला आले होते, त्यांनाही घोड्यावरून उतरवून आणलं.

"महाराज," शालिकराम कापऱ्या आवाजात म्हणाला, "माही माती महकून राह्यली."

वैद्यांनी हुंगलं. उभ्यानं हुंगलं, मग उपरणं सावरून वाकून हुंगलं. "आहे खरा," ते म्हणाले. "दिव्य गंध आहे. पृथ्वीचा गुणच गंध, असं आमच्याकडे मानतातच. पण तो इतका प्रकट होणं म्हणजे..." आणि ते पुढे बराच वेळ बोलले.

मग सगळेच खाली बसले. पंधरा-वीस बाप्ये आंब्याखाली ओणवे होऊन जमिनीला नाकं लावून बसले, आणि वास खरोखर येत होता, त्यामुळे कुणाला नाही म्हणता येईना. रामराव सगळ्यात शेवटी वाकला आणि सगळ्यात जास्त वेळ वाकून राहिला. उठला तेव्हा त्याच्या नाकाच्या शेंड्यावर काळी माती होती. "शालिक," तो म्हणाला, "हारलो बावा मी. चांदीच्या शेंब्या काय करतीन यापुढं?" त्यानं पंच्यात ओंजळभर माती बांधून घेतली, घरी नेऊन बायकोला हुंगायला दिली, तिला काहीच वास येईना, म्हणून तो तणतणत परत आला. येऊन पुन्हा वाकला, पुन्हा वास आला, पुन्हा माती बांधली. अशा त्यानं तीन फेऱ्या केल्या.

शालिकरामाला आता स्वस्थ बसवेना. "असली माती," तो उठून म्हणाला, "आन् मी तिच्यावर सावली ठेवून राह्यलो! आठ दिवस कायले? आताच तोडतो हा आंबा. ऊन पडलं की दुप्पट महकन." आणि त्यानं कुऱ्हाड आणायला सांगितली.

दुर्गाबाई घराच्या दारात उभी राहून इतका वेळ पदर चावत होती. आता तिचं हसू पळालं. दुखरे गुडघे ओढत ती निघाली, पण ती पोचायच्या आत बाजाराहून परतणारी रूपी, डोक्यावर रिकामी टोपली घेऊन, पायवाटेच्या जागी लावलेल्या पऱ्हाटीच्या खुंटांतून येऊन उभी राहिली. तिनं ओणव्या बसलेल्या गावाकडे पाहिलं. वैद्यांकडे पाहिलं. कुऱ्हाड घेतलेल्या शालिकरामाकडे पाहिलं. आणि टोपली डोक्यावरून पडेपर्यंत हसली.

"पाटील," ती म्हणाली, "वर. वर पाह्य."

शालिकरामानं वर पाहिलं. त्याच्या मागोमाग वीस माना वर झाल्या.

आंब्याच्या पहिल्या दुबेळक्यात, दुर्गाबाईच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली, रास्ना बसली होती. मुळ्यांनी खोडाला मिठी मारली होती, चिंधी सैल पडून नुसती शोभेला उरली होती. दोन दांडे, अकरा फुलं. एक मधमाशी एका फुलातून निघून दुसऱ्यात शिरत होती आणि तिला कवठखेडाशी काही देणंघेणं नव्हतं.

रामरावानं पंच्यातली माती हळूच झटकली.

"बकरीनं खाल्लं होतं ना?" शालिकराम म्हणाला.

"मातीनं खाल्लं असतं," दुर्गाबाई म्हणाली. "तुमी गाळात पुरलं असतं तं. त्यापरीस मी बजाराहून जानाऱ्या हिलेच इचारलं. ही म्हने, झाडाले बांध आन् इसरून जाय."

शालिकराम रूपीकडे वळला. "मंग मले कावून नाई सांगतलं? तीन रोपं नेली मी तुह्याकून!"

"तुमी इचारलं कुटी?" रूपी म्हणाली. "तुमी तं मले माती कशी असते थे सांगत होते."

वैद्य खाकरले आणि घोड्याकडे पाहू लागले.

"अन् तू चढली वर?" शालिकरामानं दुर्गाबाईला विचारलं. "गुडघे दुखते ना तुहे?"

"चढतानी लय दुखले," ती म्हणाली. "हा आंबा तोडून राह्यले म्हनून रोज आयकत होती, मंग कमी दुखले."

शालिकरामाच्या हातात अजून कुऱ्हाड होती. तिचं काय करावं हे त्याला कळेना. त्यानं ती रामरावाच्या हातात दिली, रामरावानं वैद्यांच्या हातात दिली, आणि वैद्यांनी ती फार जपून विहिरीच्या काठावर ठेवली.

वैद्यांनी जाता जाता विषय काढला. मुळ्या चांगल्या पुष्ट आहेत, दोन-चार कापून दिल्या तर आजच तेल सिद्ध करता येईल, गुडघ्यांना उत्तम. शालिकराम पेचात पडला. बायकोचे गुडघे एकीकडे आणि त्या पांढऱ्या मुळ्या एकीकडे. तो वर बघत नुसताच उभा राहिला. दुर्गाबाईनंच सोडवलं. "वाळलेली हाय ना तुमच्यापाशी, महाराज? थेच द्या. इतके दिवस दुखले, अजून चार दिवस दुखतीन. याले नोका हात लावू."

वाळलेल्या मुळीच्या तेलानं गुडघे पुष्कळ सुधारले. वैद्यांनी त्याचं श्रेय तेलाला दिलं, दुर्गाबाईनं सावलीत बसण्याला.

शालिकराम मात्र तीन दिवस कुणाशी बोलला नाही. दर्यापुरचा एक शेतकरी माती घेऊन आला होता, त्याला ती न चाखताच परत पाठवलं. दिवसभर आंब्याखाली बाज टाकून उताणा पडून राहायचा. पाठ टेकून वर बघायची सवय नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी त्याची मान धरली. पण वर पुष्कळ काही होतं. फांदीवर हळद्या बसायचा, खारीचं एक घरटं होतं, आणि अवकाळी सरीनंतर चौथ्या दिवशी सकाळी दंव पडलं तेव्हा त्या पांढऱ्या मुळ्या ओल्या होऊन हिरव्यागार झालेल्या त्यानं पाहिल्या. उन्हं आली तशा त्या पुन्हा पांढऱ्या झाल्या. तो ताडकन उठला आणि थेट रामरावाच्या दारी गेला.

"रामराव, समजलं मले! थे हवा पेते. दंव पेते. आन् हवेत काय असते?"

"काय असते?"

"धूळ! आन् धूळ कोनाची? अठी चौफेर वावर कोनाचं हाय? माहं! थे माहीच माती खाऊन राह्यलं, फकत उडती खाते."

रामरावानं यावर विचार केला. त्याच्या वावराची धूळही त्याच आंब्यावर उडत होती, असं त्यानं सुचवून पाहिलं. त्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि त्या भांडणानं शालिकराम पुन्हा पहिल्यासारखा झाला. वाराही बहुतेक पश्चिमेचा असतो, म्हणजे आपल्या बाजूचा, हे त्यानं महिनाभर पिसं उडवून सिद्ध केलं.

पुढच्या वर्षी ते परमुलखातले भाऊ लढाई थांबवून घरी गेले आणि कापसाचा भाव धपकन खाली आला. रामरावाच्या बैलांच्या शेंब्या उतरल्या, आणि बैल हलक्या डोक्यानं बरे चालू लागले असं तोच सांगू लागला. शालिकरामाकडे उतरवायला काही नव्हतं. त्यानं पायवाट मोकळी केली, वांग्या-मिरच्यांचा वाफा परत दिला आणि धुऱ्यावर बोरी आणि निंब लावले. रूपीशी त्याचा पक्का व्यवहार ठरला. ती वादळात मोडून पडलेल्या फांद्यांवरची रोपं तेवढी आणायची, उभ्या झाडावरची नाही. ही अट शालिकरामाची होती, आणि तिनं त्याबद्दल भाव आणखी वाढवला.

जमुना, त्यांची एकुलती लेक, दर्यापुराजवळ दिली होती. तो सगळा मुलूख तळहातासारखा सपाट, काळा, खोल मातीचा. क्षितिजापर्यंत झाड शोधावं लागतं. तिनं निरोप धाडला की मलाही एक रास्ना हवी. शालिकराम एका फाल्गुनात दमणीतून निघाला. रोप ओल्या गोणपाटात, दमणीच्या छताला टांगलेलं. वाटेत लोक विचारायचे कांद्याची कसली जात ही, आणि तो बैल जोरात हाकायचा.

दारात एक चांगलं वाढलेलं कडुनिंबाचं झाड होतं. शालिकरामानं शिडी मागवली, स्वतः चढला, रोप बांधलं, उतरला आणि हात धुतले. त्याचे व्याही किसनराव, दोनशे एकर काळी राखणारे, मिशांना पीळ देत खाली उभे होते.

"इवाई," ते म्हणाले, "बांधलं तं खरं. पन मले एक सांगा. खत किती घालाचं याले? अन् खाली खड्डा खोदून गाळ टाकला तं लवकर धरन ना? आमची माती तं तुमाले ठाऊकच हाय."

शालिकरामानं त्यांच्याकडे पाहिलं. मग जमुनेकडे पाहिलं आणि मान हलवत उसासा सोडला.

"पोरी," तो म्हणाला, "तूच ध्यान ठेव बरं. या काळ्या मातीवाल्या लोकायले काई समजत नाई."